चेन आवळून आणली तरी आठवड्यात पुन्हा ढिली? पाना लावायच्या आधी मोजून बघा

गॅरेजमध्ये चेन घट्ट करून आणायची, चार दिवस गाडी गप चालते, आणि मग स्पीडब्रेकरवर पुन्हा तोच खडखडाट. चेन आतून कव्हरला घासते, पहिला गिअर टाकून क्लच सोडला की मागून एक धक्का बसतो, चढावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून परत दिला की टक्क असा आवाज येतो. मग परत गॅरेज.

"आण्णा, चेन जरा टाइट करून दे की."

"परत? आत्ता तर नेली होतीस की रे!"

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात १०० ते १२५ सीसीची गाडी रोज वापरणाऱ्या बहुतेकांना हे संवाद पाठ असतील. गॅरेजवाल्याचा यात फार दोष नसतो. त्याच्या दारात गाड्यांची रांग असते. तो अंगठ्याने चेन दाबतो, दोन्ही बाजूंचे नट फिरवतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. चेन ढिली का होते हे बघायला जो अर्धा तास शांतपणे द्यावा लागतो तो त्याच्याकडे नसतो, आपल्याकडे रविवारी सकाळी असतो. म्हणून हे काम घरी शिकण्यासारखं आहे, आणि मोटरसायकलची कामं स्वतः करायची असतील तर सुरुवातही इथूनच करावी. इंजिन उघडावं लागत नाही, पाने थोडेच लागतात, आणि काम नीट झालं की गाडी लगेच सांगते.

चेन ताणली जात नाही, झिजते

आपण म्हणतो "चेन लांबली". लोखंडाच्या पट्ट्या काही रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक कडीत एक पिन असते आणि तिच्यावर फिरणारा बुश, म्हणजे छोटी पोकळ नळी. त्या दोघांमध्ये तेल नसेल आणि बारीक माती शिरली असेल तर ती माती पॉलिश पेपरचं काम करते. एका सांध्यात मिलिमीटरचा दहावा भाग झिजला तर कळतही नाही. पण १०० सीसीच्या गाडीच्या चेनला साधारण शंभराच्या वर कड्या असतात, तेव्हा सगळं मिळून एक सेंटिमीटरच्या वर लांबी वाढते. तोच तुमचा झोल.

यातून एक सरळ गोष्ट निघते. चेन फार पटकन ढिली होत असेल तर एकतर ती झपाट्याने झिजते आहे, नाहीतर ती जागेवर धरून ठेवणारं काहीतरी सरकतं आहे. नुसतं आवळल्याने या दोन्हींपैकी काहीच थांबत नाही. उलट गरजेपेक्षा जास्त आवळलं तर झीज वाढते.

झोल मोजायचा कसा

गाडी न्यूट्रलमध्ये, चावी खिशात, मेन स्टँडवर. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवून चेनला तेल लावणारे किंवा चिंधीने पुसणारे लोक मी पाहिलेत. चेन आणि स्पॉकेट, म्हणजे ती ज्या दातेरी चाकावर फिरते ते, यांच्या मध्ये बोट गेलं तर ते परत येत नाही, म्हणून हे काम कायम हाताने चाक फिरवून करायचं.

खालच्या बाजूला, दोन्ही स्पॉकेटच्या बरोबर मध्ये, चेनशेजारी स्टीलची पट्टी उभी धरा. बोटाने चेन वर दाबा, आकडा बघा. खाली ओढा, आकडा बघा. दोन्हीतला फरक म्हणजे झोल. बहुतेक छोट्या गाड्यांना तो २० ते ३० मिमी लागतो, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा चिमट्यावर, म्हणजे स्विंगआर्मवर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो, तोच खरा. बंद चेन कव्हर असेल तर कव्हरच्या खालच्या भागात रबरी बूच असतं, ते काढून बोट आत घालून बघायचं. मात्र त्या भोकातून नीट अंदाज येत नाही असं माझं मत आहे. पहिल्यांदा करताना कव्हरचे स्क्रू काढून चेन पूर्ण उघडी करा. एवढ्या वर्षांत आत काय काय साठलंय तेही दिसेल.

आता खरी मेख. एकाच जागी मोजून थांबू नका. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. एका जागी १५ मिमी आणि दुसऱ्या जागी ३० मिमी असा फरक आला तर रोग सापडला. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, काही भाग जास्त झिजतो, आणि त्यामुळे एक जागा घट्ट राहते. गॅरेजमध्ये चाक योगायोगाने ढिल्या जागेवर थांबलेलं असेल आणि तिथेच चेन आवळली असेल, तर घट्ट जागा आल्यावर ती वीणेच्या तारेसारखी ताणली जाते. दर फेऱ्याला तसाच ओढा बसत राहतो आणि आठवड्यात उरलेला भाग आणखी झिजतो. म्हणून चेन नेहमी सगळ्यात घट्ट जागेवर सेट करायची. आणि दोन जागांतला फरक १० मिमीच्या वर गेला असेल तर सेट करत बसू नका, किट, म्हणजे चेन आणि दोन्ही स्पॉकेट, बदलायची वेळ झालेली आहे.

किती झिजली हे आकड्यात हवं असेल तर तेही सोपं. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२८ नंबरची चेन असते. तिच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिमी. चेन ताणून धरा आणि एका पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. मध्ये २० कड्या आल्या, म्हणजे नवीन चेनला २५४ मिमी. दोन टक्के वाढली की होतात २५९. तिथे चेनचं आयुष्य संपलं असं धरा. वर्निअर लागत नाही, साधी ३० सेंटिमीटरची स्टीलपट्टी पुरते.

दुधाचे कॅन

हा भाग वेगळा लिहितो, कारण आपल्या भागात हाच घोळ सगळ्यात जास्त दिसतो.

गावाकडून शहरात दूध घालायला येणाऱ्या गाड्या बघा. दोन्ही बाजूंना कॅन, मागे कधी कधी पेंडीचं पोतं. काकांनी गाडी रिकामी असताना चेन "कडक" करून घेतलेली असते, कारण ढिली चेन उतरेल ही भीती. कॅन चढले की मागचा सस्पेन्शन दबतो, चाक वर येतं. पुढचं स्पॉकेट आणि चिमट्याचा बोल्ट हे एकाच जागी नसतात, थोडे मागेपुढे असतात; त्यामुळे चाक वर येताना पुढचं स्पॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल, म्हणजे चाकाचा आस, जेव्हा एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. रिकाम्या गाडीवर १० मिमी झोल ठेवला असेल तर भरलेल्या गाडीत तो उरतच नाही. मग ताण जातो गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि मागच्या हबच्या बेअरिंगवर. चेन बदलणं त्यामानाने स्वस्त, गिअरबॉक्सचं बेअरिंग बदलायला इंजिन उघडावं लागतं.

"काका, थोडी ढिली ठेवा," असं सांगितलं तर पटत नाही. तेव्हा एक करून दाखवायचं: गाडी मेन स्टँडवरून उतरवा, दोघांना सीटवर बसवा, आणि तिसऱ्याने खाली वाकून चेन दाबून बघायची. हातानेच कळतं. वजन वाहणाऱ्या गाडीला मॅन्युअलच्या मर्यादेतच, पण जास्तीकडचा आकडा धरा: २० ते ३० असेल तर ३० जवळ.

पाने: थोडे घ्या, पण बरे घ्या

गाडीबरोबर सीटखाली येणाऱ्या पिशवीतले पत्र्याचे पाने रस्त्यात अडकलात तरच वापरा. मागच्या एक्सलचा नट ताकदीने आवळलेला असतो. उघड्या तोंडाचा पाना त्याला फक्त दोन बाजूंनी धरतो, तोंड थोडं जरी पसरलं तरी नटाचे कोपरे गोल होतात. एकदा गोल झाला की छिन्नी-हातोडा, आणि मग बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या लेथवाल्याच्या पायऱ्या.

एक्सलसाठी रिंग पाना किंवा सहा कोपऱ्यांचं सॉकेट लागतं, आणि दोन्ही बाजूंनी धरायला दोन पाने लागतात. साइज गाडीप्रमाणे बदलते, १७, १९, २४ असे आकार सापडतात. दुकानात जायच्या आधी आपल्या नटावर मोजून घ्या. चाक मागेपुढे सरकवणाऱ्या अ‍ॅडजस्टरच्या छोट्या नटांना बहुधा १० चा पाना चालतो, आणि एक नट धरून दुसरा फिरवायचा असतो, म्हणून १० चे दोन ठेवा. तपारियासारखे पाने कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात आणि घरगुती कामाला वर्षानुवर्षं टिकतात. रस्त्यावर ढिगात मिळणारे चकचकीत सेट मात्र घेऊ नका. त्यातलं १० चं सॉकेट पहिल्याच कडक नटावर फाकतं.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल जास्त सांगतो, कारण याच ठिकाणी बहुतेकांचा धीर सुटतो. जपानी घराण्यातल्या गाड्यांचे फुलीचे स्क्रू वरवर साध्या फिलिप्ससारखे दिसतात, पण ते जेआयएस म्हणजे जपानी मापाचे असतात. फुलीच्या कडेला बहुतेक वेळा एक छोटा ठिपका असतो, नीट उजेडात बघितलं तर दिसतो. फिलिप्स ड्रायव्हरचं टोक त्या फुलीत पूर्ण बसत नाही. जोर लावला की ते वर उसळतं आणि फुली खाऊन टाकतं. चेन कव्हर, साइड कव्हर, कार्ब्युरेटरचा वाडगा, सगळीकडे हीच रड. जेआयएस टोकाचा ड्रायव्हर मिळाला तर तोच घ्या, नाही मिळाला तर योग्य नंबरचं टोक दाबून बसवा, मागून हातोडीचा एक हलका ठोका द्या आणि मग फिरवा. हातोडीने मारून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर एकच घेऊन ठेवलात तरी गंजलेल्या स्क्रूंचा अर्धा त्रास संपतो.

टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळायचं ते आकड्यावर लावता येणारा पाना, सुरुवातीला नसला तरी चालेल असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही, निदान एक्सलसाठी तरी. फक्त घेताना त्याची रेंज बघा. एक्सल आवळायचा रेंच ऑइल ड्रेनच्या किंवा हँडलच्या छोट्या बोल्टला लावायचा नसतो, खालच्या आकड्यांवर तो नीट सांगत नाही. त्याने नट सोडवायचे नाहीत, आणि काम झालं की सेटिंग सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवायचं, नाहीतर आतली स्प्रिंग बसते.

आता प्रत्यक्ष सेट करूया

मागच्या ब्रेकची ड्रम प्लेट धरणारी पट्टी असते, तिचा नट सैल करा. मग एक्सलचा नट सैल करा, काढू नका. दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरचे लॉकनट सोडवा आणि अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरा फिरवा, डावीकडे जितका तितकाच उजवीकडे. एक पूर्ण फेरा म्हणजे एक्सल साधारण १ मिमी सरकतो, पण मधला झोल त्याच्या कित्येक पट बदलतो. घाईत दोन फेरे दिले की चेन तुम्हाला हवी त्यापेक्षा बरीच ताठ होते.

चिमट्यावरच्या खुणांवर आंधळा भरवसा ठेवू नका. जुन्या गाडीत, विशेषतः एकदा पडलेल्या गाडीत, दोन्ही बाजूंच्या रेघांचं एकमत नसतं. चिमट्याच्या पुढच्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजा, अंतर सारखं हवं. खात्री करायची असेल तर मागच्या टायरला मागून दोरा गुंडाळा आणि दोन्ही टोकं पुढच्या चाकापर्यंत ताणून आणा, दोरा मागच्या टायरला पुढे-मागे दोन्ही कडांना टेकला पाहिजे. पुढचं चाक सरळ धरल्यावर दोन्ही बाजूंना दोऱ्यापासून सारखं अंतर दिसायला हवं. चाक वाकडं बसलं की चेन स्पॉकेटवर तिरकी पळते, दातांची एक बाजू चमकू लागते, आणि मग कितीही आवळा, ती राहणार नाही.

एक्सलचा नट आवळताना चाक किंचित हलतं आणि झोल बदलतो. यावर जुनी युक्ती आहे. चेन उघडी असेल तर चिंधीची जाड घडी चेन आणि मागच्या स्पॉकेटच्या मध्ये धरा आणि चाक हाताने हळू फिरवा, बोटं लांब ठेवून. घडी आत दबली की चेन ताणली जाते, चाक पुढे ओढलं जातं आणि एक्सल दोन्ही अ‍ॅडजस्टरवर टेकतो. तसाच ठेवून नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा, मग चाक उलट फिरवून चिंधी काढा. लॉकनट आवळा, ब्रेक प्लेटची पट्टी आवळा, आणि झोल पुन्हा मोजा. शेवटचं मोजणं लोक सोडून देतात.

आणखी एक गोष्ट सुटते. चाक मागे गेलं की ड्रम ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि पेडलचा मोकळेपणा कमी होतो. ब्रेक घासत राहिला तर हब तापतो, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि आपण दोष देतो पेट्रोलला. रॉडच्या टोकाचा नट थोडा सोडून पेडल पुन्हा सेट करा, चाक मोकळं फिरतं का बघा, आणि ब्रेक लाइट वेळेवर लागते का तेही.

एवढं करूनही ढिली होत असेल तर

लॉकनट किंवा एक्सलचा नट सरकतो का ते आधी बघा. नटावर आणि चिमट्यावर मिळून खडूची किंवा पेंटची एक रेघ मारा. चार दिवसांनी रेघ तुटलेली दिसली तर नट हलतो आहे. स्प्लिट पिन, म्हणजे नट फिरू नये म्हणून आरपार घालून वाकवलेली पिन, असेल तर दर वेळी नवीन घाला, जुनीच सरळ करून परत वापरू नका.

रेघ जागेवर आहे, तरी धक्के आहेत? मग हब रबर बघा. मागचं चाक काढल्यावर स्पॉकेटच्या मागे हबमध्ये जी रबरं असतात ती गेली की चाक आणि स्पॉकेट यांच्यात खेळ येतो, आणि आपल्याला वाटतं चेन ढिली आहे. चाक घट्ट धरून स्पॉकेट पुढेमागे हलवून बघा. बरंच हललं तर रबरं बदला, चेनला हात लावू नका. तसंच चिमट्याचा बुश: गाडी मेन स्टँडवर असताना मागचं चाक डावी-उजवीकडे ढकला, चिमट्याच्या पुढच्या बोल्टपाशी खुटखुट लागली तर बुश गेला. हे गॅरेजचं काम आहे, प्रेस लागतो.

स्पॉकेट तर बघाच. मागच्या स्पॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढा. अर्धा दात दिसायला लागला तर दोन्ही गेलेत. दात एका बाजूला हुकासारखे वाकलेले दिसले तरी तेच. नुसती चेन बदलून जुनं स्पॉकेट ठेवणं ही सगळ्यात महाग काटकसर, नवीन चेन त्या वाकड्या दातांवर बसून थोड्याच दिवसांत जुनी होते. पुढचं, मागचं आणि चेन, तिन्ही एकदम. दुकानात कन्नडमध्ये बोला नाहीतर मराठीत, पण जुन्या स्पॉकेटवर कोरलेली दातांची संख्या आणि चेनच्या कड्या मोजून सांगा, "माझ्या गाडीचं द्या" म्हणू नका. एकाच नावाच्या गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या मॉडेलला वेगवेगळे दात असतात.

नवीन चेन जोडताना लॉकची पत्ती नीट बसवा: बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला, उघडी बाजू मागे. उलटी बसली तर एखादा खडा लागून ती उघडायला वेळ लागत नाही.

चिखल, पाणी, तेल

कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात जाणाऱ्या गाडीची चेन वेगळी झिजते आणि निपाणी-चिकोडीच्या काळ्या मातीतून उसाच्या फडावर जाणारी वेगळी. तिकडे लाल पाणी आतलं तेल धुऊन काढतं, इकडे चिकट माती चेनवर थर धरते आणि बंद कव्हरमध्ये तशीच वाळते. दोन्हींवर उपाय तोच: पावसात भिजली की घरी आल्यावर चेन पुसून तेल.

रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशने कीट काढा. पेट्रोल नको, एक तर आगीची भीती, आणि मोठ्या गाड्यांच्या ओ-रिंगवाल्या चेनची रबरं त्याने खराब होतात. वॉटर सर्व्हिसिंगला गाडी दिलीत तर जोराच्या पाण्याचा फवारा चेनवर सरळ मारू देऊ नका, पाणी पिनांच्या आत बसतं. पुसून कोरडी झाल्यावर गिअर ऑइल, ९० नंबरचं, किंवा चेनसाठीचा स्प्रे. चेनच्या आतल्या बाजूने, खालच्या धारेवर, पट्ट्यांच्या सांध्यांत थेंब थेंब सोडत एक पूर्ण फेरा. फिरताना ते बाहेरच्या बाजूला सरकतंच. मग रात्रभर गाडी तशीच, सकाळी वरचं जादा तेल पुसून टाका. जाड ग्रीस थापणं बंद करा. आपल्या रस्त्यांवरची धूळ त्यात अडकून तीच पॉलिश पेपरची कथा सुरू होते. दर पाचशे किलोमीटरच्या आसपास तेल दिलं तर चेन हातात जास्त काळ टिकते.

नवीन किट बसवल्यावर पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये ती थोडी बसते आणि झोल वाढतो, ते नॉर्मल आहे. तेव्हा एकदा मोजून पाव फेरा द्या. त्यानंतरही दर आठवड्याला झोल वाढत राहिला तर वर सांगितलेली रेघ, रबरं आणि बुश याच क्रमाने परत बघा.